सेफ्टी उडते हे सगळे बघतात, ती नीट बसते का?

प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हची फाइल माझ्या टेबलावर आली फेब्रुवारी २०२४ मध्ये. हा व्हॉल्व्ह म्हणजे आतला दाब ठरलेल्या मर्यादेला गेला की स्प्रिंगच्या विरुद्ध उघडून तो बाहेर सोडणारी झडप; कारखान्यात तिला सेफ्टी म्हणतात, उघडली की 'उडाली' आणि मिटली की 'बसली'. ती सांभाळणारे साहेब दुसऱ्या युनिटला गेले आणि मेंटेनन्समध्ये नवीन म्हणावं अशी मीच होते. महाड एमआयडीसीतला मध्यम आकाराचा रासायनिक कारखाना, तीसेक व्हॉल्व्ह, आणि मे महिन्यात वार्षिक शटडाऊन. पंप उघडणं, मेकॅनिकल सील बदलणं हे मला जमत होतं. सेफ्टी व्हॉल्व्हशी माझा संबंध मात्र एवढाच, की त्याच्या टोपीला तार आणि शिशाचं सील असतं आणि त्याला हात लावायचा नाही. शटडाऊन पार पडलं, व्हॉल्व्ह जागेवर बसले, म्हणून आता लिहितेय. ही फाइल ज्यांच्या हातात पहिल्यांदा पडेल त्यांना थोडा आधार होईल.

आधी कायद्याची बाजू समजून घ्यावी लागली, कारण एकाच आवारातले व्हॉल्व्ह वेगवेगळ्या खात्यांच्या अखत्यारीत येतात. हवा, नायट्रोजन आणि वाफेच्या टाक्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३१ खाली. त्यांची तपासणी सक्षम व्यक्तीकडून करून घ्यायची. बॉयलर बाष्पके संचालनालयाकडे. द्रवरूप नायट्रोजनची मोठी टाकी गॅस पुरवठादाराची, तिचे व्हॉल्व्ह २०१६ च्या दाबपात्र नियमांखाली. हे नियम नागपूरला मुख्यालय असलेली 'पेसो', म्हणजे केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्था, बघते आणि त्यात व्हॉल्व्हची चाचणी वर्षातून एकदा सांगितलेली आहे. ती पुरवठादार करतो, पण दाखल्याची प्रत आपल्या फाइलला हवीच. मी एक साधा तक्ता केला: टॅग नंबर, कुठे बसलाय, सेट प्रेशर (ज्या दाबाला उडायला हवा तो), ओरिफिसचं अक्षर (आतल्या छिद्राचं माप; अक्षर पुढचं तेवढं छिद्र मोठं), सीट (आतली डिस्क म्हणजे चकती नोझलच्या तोंडावर टेकते ती जागा) धातूची की मऊ, आणि कागद कुणाला दाखवायचा. ओरिफिसचं अक्षर नेमप्लेटवर असतं. तेव्हा ते नुसतंच लिहून ठेवलं, पुढे त्याच्यावरच सगळं येऊन ठेपलं.

जुने दाखले चाळताना एक गोष्ट खटकली. प्रत्येक दाखल्यावर सेट प्रेशर होतं, परत बसण्याचा दाब होता, आणि शेवटच्या रकान्यात 'गळती: निल'. सगळ्या व्हॉल्व्हना, सगळ्या वर्षी. आता धातूच्या सीटला थोडी गळती मान्यच असते. एपीआय ५२७ हे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं मानक यासाठीच आहे आणि त्यात गळणारी हवा पाण्यात सोडली की मिनिटाला किती बुडबुडे चालतील हे आकड्यात दिलेलं आहे. मानक स्वतः चाळीस बुडबुड्यांपर्यंत मोकळीक देत असताना वर्षानुवर्षं एकाही व्हॉल्व्हला एकही बुडबुडा येत नसेल, तर ते कुणी मोजतच नसावं असं मला वाटलं. वरच्यांना विचारलं तर उत्तर आलं, "ऑडिटला चाललंय ना?"

त्या आधीच नायट्रोजनच्या बिलावरून प्रॉडक्शन आणि युटिलिटीत कुरबुर सुरू होती. खप वाढलाय, उत्पादन तेवढंच. म्हणून मार्चमध्ये, प्लांट चालू असतानाच, आमचे फिटर काका आणि मी सगळ्या व्हॉल्व्हची फेरी मारली. ही फेरी शटडाऊनच्या आधीच करायची. एकदा दाब उतरला की कुठला व्हॉल्व्ह पासिंग, म्हणजे बंद असूनही गळणारा, होता हे सांगायला काही उरत नाही. वाफेच्या व्हॉल्व्हला इन्फ्रारेड थर्मामीटर: आउटलेटचा पाइप आसपासच्या हवेइतकाच गार असायला हवा, तापलेला असेल तर वाफ निसटतेय. हवा आणि नायट्रोजनला अल्ट्रासॉनिक डिटेक्टर, तो आम्ही शेजारच्या कारखान्यातून मागून आणला. काकांना त्याचीही गरज नव्हती. लांब स्क्रू ड्रायव्हर व्हॉल्व्हच्या बॉडीला टेकवून दांडा कानाशी धरायचे आणि मान हलवायचे. नायट्रोजन हेडरचा (मुख्य पाइपचा) व्हॉल्व्ह, दोन वाफेचे आणि एका रिॲक्टरच्या जॅकेटचा (भोवतीच्या कवचाचा), एवढे नक्की पासिंग निघाले. यादीत त्यांच्यापुढे लाल फुली मारली.

मग कोटेशनं. तीन मागवायची हा परचेसचा नियम. तिन्हींत कामाचं वर्णन जवळपास सारखंच: 'सेट प्रेशर टेस्टिंग, सीलिंग व सर्टिफिकेट'. गळतीचा उल्लेख एकाच्या कागदावर, तोही 'लागू असल्यास'. मी पीओच्या (खरेदी आदेशाच्या) मसुद्यात चार ओळी घातल्या: व्हॉल्व्ह आल्या अवस्थेत, साफ न करता, पहिल्यांदा किती दाबाला उडतो ते नोंदवायचं, दुरुस्तीनंतर सेट आणि परत बसण्याचा दाब, गळतीची चाचणी एपीआय ५२७ प्रमाणे, चाचणीचा दाब आणि मोजलेले बुडबुडे आकड्यात, आणि आमचा माणूस समोर उभा राहील. एका शॉपने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने दर वाढवला. लहान व्हॉल्व्हला साधारण दीड हजार, मोठ्याला अडीच हजारांच्या आसपास, त्यावर गळतीच्या नोंदीचे काही शे रुपये, लॅपिंग (सीट घासून सपाट करणं) लागलं तर त्याचे वेगळे हजार-बाराशे, आणि वर १८ टक्के जीएसटी. "नुसत्या बुडबुड्यांचे पैसे?" असं परचेसवाल्यांनी फोनवर दोनदा विचारलं. सही एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात झाली, तोवर मी त्यांच्या टेबलाशी बऱ्याच चकरा मारल्या होत्या. ज्यांना हे करायचंय त्यांनी कोटेशन शटडाऊनच्या तीन महिने आधी काढावं. डिस्क किंवा नोझल बदलायची वेळ आली तर सुटे भाग यायला सहा-आठ आठवडे सहज जातात.

शटडाऊनची तारीख निवडणुकीने ठरवली. रायगड मतदारसंघाचं लोकसभेचं मतदान ७ मे ला होतं, ठेकेदाराची माणसं गावी जाणार हे उघड होतं. म्हणून दाब उतरवायला ८ तारखेपासून सुरुवात.

व्हॉल्व्ह काढणं हे मला सोपं काम वाटलं होतं. ते सोपं नाही, संथ आहे. वर्क परमिट, लाइन रिकामी झाल्याची खात्री, लाइन अडवणारी ब्लाइंड चकती, लॉक आणि टॅग. मग फ्लँजचे (पाइपच्या जोडाच्या कड्यांचे) बोल्ट सैल करताना आपल्या विरुद्ध बाजूचे आधी, म्हणजे आत काही अडकलं असेल तर ते तोंडावर येत नाही. काकांचे नियम कडक होते. लिव्हरला धरून व्हॉल्व्ह उचलायचा नाही. आडवा ठेवायचा नाही. इनलेट आणि आउटलेट दोन्ही तोंडांवर लगेच झाकण. आणि एका मदतनिसाने सवयीने इनलेट फडक्याने पुसायला घेतलं तेव्हा ते जवळजवळ ओरडलेच, "अरे, तो पुरावा आहे!" इनलेटला काय चिकटलंय यावरूनच कळतं की वर्षभर तो व्हॉल्व्ह उडण्याच्या स्थितीत होता की नाही.

सॉल्व्हंटच्या लाइनवरचे व्हॉल्व्ह तसेच टेस्ट शॉपला पाठवता येत नाहीत. आत काय होतं त्याचं सुरक्षितता पत्रक आणि निर्विष केल्याचा दाखला सोबत लागतो. बाहेरून धुऊन, आतून नायट्रोजन फिरवून, मापकाने वास शून्य दाखवला की सेफ्टी ऑफिसरची सही. सीटला धक्का लावायचा नाही आणि आतला गाळही खरवडायचा नाही, फक्त विषारी वाफा जाऊ द्यायच्या. बाकी कागद म्हणजे परत येणाऱ्या मालाचा गेटपास, जॉबवर्कचं डिलिव्हरी चलन, आणि मालाची किंमत लाखाच्या वर होती म्हणून ई-वे बिल. चलनावर प्रत्येक व्हॉल्व्हचा टॅग आणि सिरियल नंबर लिहा. 'व्हॉल्व्ह, नग इतके' असं लिहिलं तर परत येताना कुठला कुणाचा हा गोंधळ ठरलेला.

टेस्ट शॉप नवी मुंबईत, ठाणे-बेलापूर पट्ट्यात. म्हणजे महाडहून माणगाव, इंदापूर, कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण, पनवेल असा मुंबई-गोवा महामार्ग. या रस्त्याबद्दल कोकणातल्या माणसाला नव्याने काही सांगायला नको. पण रिलीफ व्हॉल्व्हची सीट आरशासारखी घासलेली असते आणि डिस्क तिच्यावर फक्त स्प्रिंगच्या जोरावर बसलेली. खड्ड्यातल्या दणक्याने तिच्यावर ओरखडा उठू शकतो. म्हणून सुताराकडून लाकडी खोके करून घेतले, प्रत्येक व्हॉल्व्ह उभा, खाली रबराची चटई, बाजूला पॅकिंग. टेम्पोचं जाऊन-येऊन भाडं चौदा हजारांच्या घरात. मी टेम्पोतच पुढे बसले. पनवेलच्या अलीकडे निवडणुकीच्या तपासणी पथकाने गाडी अडवली; तिकडचं मतदान अजून व्हायचं होतं. खोक्यांत काय आहे म्हणून झाकण उघडायला लावलं. रोकड निघेल या अपेक्षेने वाकलेल्या हवालदारांना गंजके व्हॉल्व्ह दिसले. ई-वे बिल बघून "जाऊ द्या" म्हणाले, पण त्या आधी "हे कशाला लागतं?" हे नीट विचारून घेतलं. त्या रखरखत्या दुपारी कुणीतरी हा प्रश्न खऱ्या कुतूहलाने विचारला याचं मला बरं वाटलं.

१० मे, अक्षय्य तृतीया. शॉपमध्ये निम्मी माणसं होती, पण बेंच चालू होतं. बेंच म्हणजे नायट्रोजनचे सिलिंडर, रेग्युलेटर, मध्ये साठवणीचा एक ड्रम, आणि वर व्हॉल्व्ह आवळायची फ्लँज. ड्रम पुरेसा मोठा हवा. तो नसेल तर व्हॉल्व्ह जरा उघडताच दाब ढासळतो, उडण्याचा स्वच्छ आवाज येत नाही आणि परत बसण्याच्या आकड्याला अर्थ राहत नाही. मी आधी गेज बघितले: कॅलिब्रेशनची तारीख, आणि रेंज. सात किलोच्या व्हॉल्व्हला शंभर किलोचा गेज लावलेला असेल तर काटा जागचा हलल्यासारखा वाटत नाही. (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो, शॉपवर सगळे नुसतं किलोच म्हणतात.) आपला दाब गेजच्या मधल्या भागात यायला हवा.

पहिले एक-दोन व्हॉल्व्ह सरळ गेले. काटा हळूहळू चढतो, सेटच्या जवळ आला की बारीक शिट्टीसारखा आवाज, आणि मग फाट्! कितीही तयारीत असलं तरी माणूस दचकतोच. कानाला संरक्षण लावा आणि आउटलेटच्या समोर कधीच उभं राहू नका. बेंचवरचे दादा अनुभवी होते, हात अगदी सफाईदार. उडाल्यावर आकडा सांगायचे आणि लगेच पाना उचलायचे, "उडाली मॅडम. पुढची घेऊ?"

प्रत्येक वेळी मला म्हणावं लागायचं, "दादा, अजून गळती राहिली."

मग आला रिॲक्टरच्या माथ्यावरचा व्हॉल्व्ह, सेट पाच किलो. पाच झाले, साडेपाच झाले, सहा. आवाज नाही. दादा थांबले आणि माझ्याकडे बघितलं. साडेसात किलोपर्यंत, म्हणजे सेटच्या दीडपट, नेला तरी तो ढिम्म. एपीआय ५७६ च्या हिशेबाने असा व्हॉल्व्ह अडकलेला धरायचा आणि चाचणी तिथेच थांबवायची. दाब उतरवून इनलेट बघितलं तर आत पिवळट, कडक पॉलिमरचा थर. जुन्या दाखल्यांत हाच व्हॉल्व्ह दर वर्षी बरोबर पाच किलोला उडत आलेला होता, कारण तो दर वर्षी आधी साफ करून मग बेंचवर चढवला जायचा. म्हणजे कागदावर तो रिॲक्टर सुरक्षित होता. मी तिथूनच प्लांटला फोन केला. त्या व्हॉल्व्हच्या खाली रप्चर डिस्क (ठरलेल्या दाबाला फुटणारी पातळ चकती) बसवायचा प्रस्ताव आता मंजूर झालाय, तपासणीचा काळही वर्षावरून सहा महिन्यांवर आणलाय. या एका शोधापुढे बाकीचा सगळा खर्च मला कमीच वाटतो.

आता गळती. ही चाचणी इतकी निवांत आहे की ती टाळावीशी का वाटते हे समजतं. आधी व्हॉल्व्ह सेट झालेला हवा. मग आउटलेट झाकणाने बंद करायचं, झाकणातून बारीक नळी बाहेर, नळीचं टोक पाण्यात. नळी ७.९ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची, टोक सरळ कापलेलं, आणि पाण्याच्या पृष्ठभागाच्या १२.७ मिलिमीटर खाली, म्हणजे अर्धा इंच. शॉपमध्ये नळी बादलीत वीतभर बुडवलेली होती. खोल बुडवली की पाण्याचा दाब वाढतो आणि बुडबुडे कमी येतात. मी खिशातली पट्टी काढली, दादांनी हसून पेला आणला. आउटलेटच्या झाकणात चुकून व्हॉल्व्ह उडालाच तर दाब बाहेर पडायला वाट ठेवलेली असली पाहिजे, हेही बघून घ्या. नाहीतर बॉडी आणि झाकण दोन्ही धोक्यात, आणि त्या वेळी आपण पाण्यात डोकं घालून बुडबुडे मोजत असतो.

दाब किती ठेवायचा? सेट साधारण साडेतीन किलोच्या (५० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला पौंड) वर असेल तर सेटच्या ९० टक्के. त्याखाली असेल तर सेटपेक्षा ५ पीएसआयने कमी, म्हणजे अंदाजे ०.३५ किलो. आमचा फ्लॅश टाकीचा व्हॉल्व्ह दोन किलोचा होता. तो ९० टक्क्यांच्या हिशेबाने १.८ ला धरला की दाणादाण बुडबुडे, आणि १.६५ ला, म्हणजे जिथे धरायला हवा तिथे, स्वच्छ. नियमाचा हा छोटा भाग माहीत नसता तर चांगल्या व्हॉल्व्हच्या लॅपिंगचे पैसे गेले असते.

दाब धरल्यावर लगेच मोजायचं नाही. दोन इंचापर्यंतच्या इनलेटला एक मिनिट थांबायचं, अडीच ते चार इंचाला दोन, सहा आणि पुढे पाच. मग किमान एक मिनिट मोजायचं. धातूची सीट असेल आणि ओरिफिस एफ किंवा त्याहून लहान, तर मिनिटाला ४० बुडबुड्यांपर्यंत मान्य. एफपेक्षा मोठं असेल तर २०. हे १००० पीएसआयपर्यंतच्या सेटला. त्यावर मर्यादा आणखी सैल होते, पण आमच्याकडे तेवढ्या दाबाचं काही नव्हतं. मोठ्या छिद्राला कमी आणि लहानाला जास्त सूट हे आधी उलटं वाटलं. दादांचं म्हणणं, लहान सीटवर स्प्रिंगचा जोर बसतोच कमी, तिला घट्ट बसवणं अवघड. मऊ सीट असेल, म्हणजे ओ-रिंग किंवा टेफ्लॉन, तर एकही बुडबुडा चालत नाही.

दुपारनंतर दादांनाच त्यात रस वाटू लागला. दहा-पंधरा बुडबुडे असले की मी बोटांवर मोजायचे आणि ते घड्याळ धरायचे. नायट्रोजन हेडरच्या व्हॉल्व्हला पाणी अक्षरशः उकळल्यासारखं झालं, मोजण्याचा प्रश्नच नव्हता. जॅकेटचा व्हॉल्व्ह जे ओरिफिसचा, मोजले तर तीसच्या वर. दादा म्हणाले, "चाळीसच्या आत आहे, पास." मी तक्त्यातलं अक्षर दाखवलं. जे हे एफच्या पुढचं, मर्यादा वीस. तो लॅपिंगला गेला.

लॅपिंग बघायला जरूर थांबा. डिस्क आणि नोझल एकमेकांवर घासत नाहीत. तसं केलं तर दोन्हींवर एकमेकांचे दोष उमटतात. दोन्ही वेगवेगळे, सपाट लॅपिंग प्लेटवर, पेस्ट लावून, हात आठच्या आकड्यासारखा फिरवत. प्लेट मधूनच वळवायची, नाहीतर तिलाच खोलगा पडतो. सपाटी बघायला एकरंगी दिव्याखाली काचेची ऑप्टिकल फ्लॅट ठेवतात, पट्टे सरळ आणि समांतर दिसले की झालं. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखालून आलेली सीट मी बोटाने बघायला गेले तर त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. बोटाच्या घामाचा डागही नको म्हणे.

एका वाफेच्या व्हॉल्व्हचा नोझल मात्र वाचला नाही. वाफ वर्षभर एकाच जागेतून निसटली की ती धातूत चर पाडते, जणू कुणी तार ओढून कापलंय. तो चर लॅपिंगने जाईल एवढं मटेरियल घासायची परवानगी निर्मात्याच्या मापांत नव्हती. नोझल आणि डिस्क मिळून अठरा हजारांच्या आसपास आणि जून संपेपर्यंत थांबणं. सुदैवाने त्याच मापाचा एक व्हॉल्व्ह स्टोअरमध्ये होता. तो पुढच्या खेपेला तपासून आणून बसवला.

बेलोज (स्प्रिंगला आउटलेटच्या बाजूपासून वेगळं ठेवणारी, घड्यांची धातूची नळी) असलेल्या व्हॉल्व्हबद्दल एक. त्यांच्या बॉनेटला, म्हणजे स्प्रिंगवरच्या आवरणाला, एक छिद्र असतं, ते कामात उघडंच राहायला हवं. आमच्या एकाचं छिद्र कुठल्याशा रंगकामात रंगाने बुजलं होतं. गळती तपासताना त्या छिद्रातूनही काही निसटतंय का ते बघून घ्यायचं. तिथून हवा आली तर बेलोजच फाटलेलं असतं, मग सीट कितीही छान असो.

दाखल्यांचा मसुदा दोन दिवसांनी ईमेलवर आला. उघडला आणि हसूच आलं: शेवटच्या रकान्यात सगळीकडे पुन्हा 'निल'. ऑफिसातल्या मुलीकडे जुना नमुना होता, तिने तोच भरला. भांडण काही झालं नाही. बेंचवरच्या वहीचे फोटो मी काढून ठेवले होते, ते पाठवले आणि नवे दाखले आले. त्यात आल्या अवस्थेतला आकडा, चाचणीचा दाब, थांबण्याचा वेळ, मर्यादा आणि मोजलेले बुडबुडे. वहीचे फोटो तिथेच काढा, घरी येऊन आठवत बसू नका.

परतीच्या प्रवासात तेच खोके, तोच रस्ता. बसवताना इनलेटची लाइन आतून स्वच्छ करायची, जुनं गॅस्केट वापरायचं नाही, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे. तरीही जॅकेटचा तो जे ओरिफिसचा व्हॉल्व्ह, जो शॉपमध्ये वीसच्या बराच आत आला होता, दाब चढवताच पासिंग. मी रस्त्याला दोष देऊन मोकळी झाले होते. काकांनी काही न बोलता आउटलेटच्या फ्लँजचे बोल्ट सैल केले, आणि पाइप टण्णकन बोटभर बाजूला सरकला. आउटलेटच्या लांब पाइपला आधारच नव्हता, सगळं वजन व्हॉल्व्हच्या बॉडीवर. बॉडी किंचित पिळली की सीट तिरकी होते. वेल्डरकडून सपोर्ट लावून घेतला, फ्लँज समोरासमोर आणल्या, गळती थांबली. असं पासिंग दिसलं की काही ठिकाणी वरचा स्क्रू आवळतात किंवा हातोडीने टकटक करतात. स्क्रू आवळला की सेट प्रेशरच वाढतं, म्हणजे गळती बंद आणि टाकीचं संरक्षणही गेलं.

नायट्रोजन हेडरची गंमत वेगळीच निघाली. व्हॉल्व्ह सात किलोचा, लॅपिंगनंतर ६.३ ला जेमतेम पाच-सात बुडबुडे. प्लांट चालू झाल्यावर चार दिवसांत काकांचा स्क्रू ड्रायव्हर पुन्हा बॉडीला आणि मान पुन्हा हलली. मग हेडरचा ट्रेंड, म्हणजे दाबाची जुनी नोंद, काढून बघितला. मूळ दाब साडेपाच किलो ठरलेला, पण शेवटच्या टोकाच्या रिॲक्टरला दाब कमी पडतो म्हणून तो हळूहळू साडेसहापर्यंत चढवला गेलेला. गळतीची चाचणी ९० टक्क्यांवर होते, त्याच्या वर व्हॉल्व्ह घट्ट राहील असं कुणीच वचन दिलेलं नाही. आम्ही त्याला ९३ टक्क्यांवर दिवसरात्र उभा ठेवला होता. टोकाला दाब का कमी पडत होता, तर मधला फिल्टर तुंबलेला. फिल्टर बदलला, हेडर ५.८ वर आला, व्हॉल्व्ह पुन्हा लॅप करून बसवला. नायट्रोजनच्या बिलाची कुरबुर जूनमध्ये थांबली.

बॉयलरचं सगळ्यात शेवटी. आमचा १०.५४ किलोचा आहे. आधी पाण्याचा दाब देऊन तपासणी. तेव्हा सेफ्टी उडू नये म्हणून तिला गॅग, म्हणजे ती दाबून धरणारा स्क्रू, लावतात. ते गॅग नंतर काढलंय हे दोघांनी स्वतः बघून सही करायची, हा आमच्याकडे आता लेखी नियम आहे. मग वाफ चढवून बॉयलर इन्स्पेक्टरांच्या समोर सेफ्टी उडवून दाखवायची. वाफेला बुडबुडे मोजत नाहीत. एपीआय ५२७ मध्ये बॉडीतलं साचलेलं पाणी काढून टाकून काळ्या पार्श्वभूमीवर एक मिनिट बघायला सांगितलंय, वाफ दिसली नाही तर पास. पत्र्याच्या तुकड्याला काळा रंग मारून तो मी मागे उभा केला आणि बाजूला, लांब उभी राहिले. साहेबांनी विचारलं हे काय. सांगितलं. ते म्हणाले, "ठेवा तसाच," आणि स्वतःही मिनिटभर बघत थांबले. पहिली सेफ्टी स्वच्छ. दुसरी बसल्यावर बारीक वाफ सोडत होती. दाब चढाच होता, म्हणून लिव्हरने एकदा उचलून सीटवरचा कचरा उडवला, मग ती बसली. लिव्हर वापरायचा तो दाब सेटच्या किमान ७५ टक्के असतानाच. कमी दाबाला ओढलं तर स्प्रिंगचा सगळा जोर हातावर येतो आणि कचरा उडण्याऐवजी सीटवरच दबतो.

खर्चाचा हिशेब लॅपिंग, सुटे भाग, टेम्पो आणि खोक्यांसकट मागच्या वर्षीच्या दीडपटीच्या आसपास गेला. अकाउंट्सने त्यावर खुलासा मागितला होता. मी त्या अडकलेल्या व्हॉल्व्हच्या इनलेटचा फोटो आणि नायट्रोजनची मे-जूनची बिलं जोडून पाठवली. उत्तर आलेलं नाही, पण पुढच्या वर्षीच्या पीओच्या मसुद्यात त्या चार ओळी परचेसने स्वतःहून टाकल्यात. वाफेच्या व्हॉल्व्हचा नवा नोझल जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला. तो बसवून व्हॉल्व्ह तपासला की स्टोअरमध्ये ठेवायचा, उभा, दोन्ही तोंडं झाकून.